दाखवलेली मुलगी

चंद्रकांताच्या वरच्या पुढच्या दोन दातांमधली फट गेल्या दिवाळीत तीन मिलिमीटर होती. होळीच्या आठवड्यात ती साडेतीन भरली. मोजण्याची तिची रीत साधी होती. जाड कागदाची एक निमुळती पाचर कापायची, ती फटीत अडेपर्यंत सरकवायची, अडली तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि खुणेपाशी पाचरेची रुंदी पट्टीवर पाहायची. तीनदा मोजून सरासरी घ्यायची. एकतीस वर्षं पवनीच्या शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाईचा एका मोजमापावर विश्वास बसणं शक्य नव्हतं.

फट वाढली म्हणून ती घाबरली नव्हती. डावा दात जिभेने हलला, तेव्हा घाबरली. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. तरीही एका सकाळी खुशालरावांनी चहाची बशी खाली ठेवत विचारलं, "दात हालून राहिला का तुहा?"

नवऱ्याच्या प्रश्नात काळजी होती. पण चंद्रकांताच्या मनात आधी आली ती शंका, की हे आपल्या दातांकडे कधीपासून बघताहेत? पस्तीस वर्षांच्या संसारात तिच्या दातांचा विषय त्यांनी कधी काढला नव्हता. त्या विषयाला लागून असलेला एकच प्रश्न एकदा विचारला होता, आणि त्याचं उत्तर तिने दिलं नव्हतं.

भंडाऱ्याला दात सरळ करणारी एक नवी डॉक्टर आली होती. तिच्याकडे जायचं ठरलं, आणि खुशालराव दुकानाला कुलूप लावून बरोबर निघाले. एकटी जाते म्हटलं तर ऐकेनात. दवाखान्याच्या भिंतीवर उपचाराआधीच्या आणि नंतरच्या चेहऱ्यांचे फोटो जोडीजोडीने लावले होते. नंबर येईपर्यंत चंद्रकांता ते बारकाईने पाहत राहिली. एका जोडीत आधीची बाई आणि नंतरची बाई एकच आहे का, याची तिला खात्री वाटेना. उठून जवळ गेली. हनुवटीवरचा तीळ दोन्हीकडे त्याच जागी होता. मग ती परत येऊन बसली, पण समाधान झालं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

डॉक्टरचं नाव रेणू. वय तिच्या जुन्या विद्यार्थिनींएवढं, बोलणं मोजकं. आरसा तोंडात फिरवून झाल्यावर तिने वहीत लिहीत विचारलं, "यापूर्वी कधी दातांना तारा बसवल्या होत्या, मॅडम?"

बाजूच्या खुर्चीवर खुशालराव बसले होते, बायकोची पर्स मांडीवर सांभाळत.

"नाही," चंद्रकांता म्हणाली.

हे 'नाही' इतकं सहज निघालं, कारण ते नवं नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वी तिच्या वतीने तिच्या वडिलांनी ते म्हणून ठेवलं होतं.

तिचं माहेर सिहोऱ्याचं. वडील भैय्यालाल धानाचे व्यापारी, घरात दोन मुली: मोठी चंद्रकांता आणि दीड वर्षाने लहान रिता. दोघींची अंगकाठी, रंग, चालणं इतकं सारखं की मागून कोणी हाक मारली तर दोघी वळायच्या. फरक तोंड उघडल्यावर कळायचा. रिताचे दात सरळ, चंद्रकांताचे वरचे दात पुढे आलेले आणि मध्ये फट. स्थळं यायला लागली तेव्हा दोन ठिकाणांहून नकार आला. कारण कोणी सांगितलं नाही आणि कारण सगळ्यांना कळलं. ती तेव्हा नागपूरला मामाकडे राहून बीएस्सी करत होती. मामांनी पुढाकार घेतला. चार दाढा काढून जागा केली गेली, दोन वर्षं तारा राहिल्या, आणि एकविसाव्या वर्षी तिचे दात रिताहूनही नीट दिसायला लागले. तारा काढल्यावर तिला एक काढता-घालता येणारी प्लेट मिळाली. रोज रात्री घालायची, कंटाळा करायचा नाही, नाहीतर दात आपल्या जुन्या जागी जातात, असं तिथल्या डॉक्टरांनी तिला चांगलं बजावलं होतं.

मग पवनीचं स्थळ आलं. विणकरांचं घर, तेव्हा घरात चार माग चालायचे. मुलाला घेऊन त्याची आई सुमित्राबाई मुलगी पाहायला स्वतः आल्या. त्यांच्या घराण्यात मुलीला चालून दाखव, गाणं म्हण असलं काही नव्हतं. त्यांनी कनवटीतून कोशाच्या रेशमी धाग्याची गुंडी काढली, धागा मधोमध तोडला आणि दोन्ही टोकं चंद्रकांताच्या हातात दिली. सांध म्हणाल्या. मध्यस्थाने ही रीत आधीच कानावर घातली होती, त्यामुळे चंद्रकांताने आठ दिवस सराव केला होता. तिने पीळ देऊन धागा सांधला. आता उरलेलं शेपूट तोडायचं, तेही दाताने. तुटल्या धाग्यापायी कात्री शोधत बसणारी सून मागावर कोणाला हवी असणार? तिने धागा पुढच्या दातांत धरला आणि एका झटक्यात तोडला. सुमित्राबाईंनी ते टोक उजेडात धरून पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"दात जुळते हायेत पोरीचे," त्या भैय्यालालांना म्हणाल्या. "जन्माचेच होत न?"

"जन्माचेच," भैय्यालाल म्हणाले.

लग्नानंतर सासरी निघताना वडिलांनी तिच्या पेटीतून प्लेटची डबी काढून घेतली. तिथे कोणाच्या हाती लागली तर आपण खोटे पडू, म्हणाले. लग्न मोडायचं भय टळलं होतं, पण शब्दाचं भय उरलं होतं. चंद्रकांताने डबी दिली. पोळ्याला माहेरी आली तेव्हा तिने दार लावून प्लेट घालून पाहिली. ती बसेना. दिवाळीला तर टेकेनासुद्धा.

दुसऱ्या वर्षी दातांत फट दिसायला लागली. एकदा सुमित्राबाई मागावर असताना धागा तुटला आणि त्यांनी सुनेला सांधायला सांगितलं. सांधणं नीट झालं. शेपूट तोडायला तिने धागा दातांत धरला, तो फटीतून सुटून गेला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी सुमित्राबाईंनी तिच्या हातून धागा घेतला, स्वतःच्या दाताने तोडला आणि विणायला लागल्या. त्या संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की पाहायला आलो त्या दिवशी तुझ्या अंगावर कोणती साडी होती?

चंद्रकांताने सांगितलं. मोतिया, काठ हिरवा.

"हौ," सासूबाई म्हणाल्या. "बहिणीनं सांगतलं असन."

तेव्हापासून ही चौकशी सुरू झाली ती आजतागायत. त्या दिवशी पाणी कोणी दिलं, पोह्यात शेंगदाणे होते की नव्हते, दाराशी कोणतं जनावर बांधलेलं होतं. चंद्रकांता प्रत्येक उत्तर बरोबर देई आणि प्रत्येक बरोबर उत्तराने संशय पक्का होई. इतकं पाठ असणं हेच मुळी सुमित्राबाईंना खटकायचं. त्यांच्या मनाने घेतलं होतं की आपल्याला रिता दाखवली आणि चंद्रकांता दिली. लग्नात हसताना पाहिलेली रिता आठवली, की त्यांना शंकाच उरत नसे. पुढे अनुप झाला, त्याचे पक्के दात नवव्या वर्षी पुढे आले, आणि सुमित्राबाईंनी नातवाची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. "हे आईवरच गेलं," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

यातलं सासूचं काही चंद्रकांताला फारसं लागत नव्हतं. लागलं ते दुसरंच. त्याच दुसऱ्या वर्षी, वैनगंगेच्या घाटावरून दोघं परत येत असताना, खुशालरावांनी चालता चालता विचारलं होतं, "त्या दिवशी मले दाखवली ते तूच होतीस न?" ती हसली. हसणं हे पुरेसं उत्तर आहे असं तिला तेव्हा वाटलं. खरं उत्तर द्यायचं तर दातांचं सांगावं लागलं असतं, आणि वडील जिवंत होते. खुशालरावांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर रिता घरी आली की ते लांबूनच रामराम करून दुकानात जाऊन बसायचे. जेवायलाही मागाहून यायचे. रिता गेली की मग ओसरीवर. चंद्रकांताने हे वर्षानुवर्षं टिपलं. एका निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणं असू शकतात हे ती मुलांना शिकवत होती. इथे मात्र तिने एकच धरून ठेवलं: जी पसंत केली होती ती समोर आली की यांना बघवत नाही. शंका विचारून फेडता आली असती. विचारली नाही, कारण त्या बदल्यात तिलाही काही सांगावं लागलं असतं.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून झाला. डॉक्टर रेणूने तो भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग पेनाच्या मागच्या टोकाने मोजायला लागली.

"चार दाढा नाहीत," ती म्हणाली. "वरच्या दोन, खालच्या दोन. प्रत्येक बाजूची नेमकी तीच."

"लहानपणी किडल्या असतीन," खुशालराव म्हणाले.

"किडून पडणाऱ्या दाढा अशा जोडीने पडत नाहीत, काका." तिने पेन वर नेलं. दाताचं मूळ टोकाला पेन्सिलीसारखं निमुळतं असतं, तुमच्या पुढच्या चार दातांची मुळं झिजून आखूड झाली आहेत, बोथट टोकं इथे दिसतात बघा, असं तिने समजावून सांगितलं. याची कारणं दोन. एक तर हे दात पूर्वी तारांनी सरकवलेले असावेत. काही जणांची मुळं तेव्हा झिजतात आणि मग तिथेच थांबतात. तसं असेल तर फार हलका जोर देऊन, वेळ घेऊन पुन्हा तारा लावता येतील. दुसरं म्हणजे शरीरात वेगळंच काही चाललेलं असेल. तसं असेल तर तारा लावायच्याच नाहीत, आधी ते शोधायचं. "कारण माहीत नसताना मी जोर लावला तर हे दात तुमच्या हातात येतील. म्हणून मला कळल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही." हे बोलताना ती एक्स-रेकडे पाहत नव्हती, चंद्रकांताकडे पाहत होती. "घरी जुने कागद असतील तर शोधा. पंधरा दिवसांनी या."

हिला कळलं आहे, चंद्रकांताच्या मनात आलं. कळलं आहे आणि ही माझ्या तोंडून वदवून घेणार आहे. तिला त्या पोरीचा रागच आला.

बसमध्ये खुशालराव खिडकीशी बसले. अड्याळचा थांबा सुटल्यावर म्हणाले, "चार दाढा कवा गेल्या तुह्या?"

"आठवत नाही."

ते बाहेर पाहत राहिले. जणू खिडकीलाच सांगावं तसे म्हणाले, "माणूस दाढ विसरत नाही."

घरी सुमित्राबाई वाटच पाहत होत्या. वय पंच्याऐंशी, गुडघे गेलेले, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर विशीतल्यासारखी. त्यांनी एक्स-रे मागून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे कोणाचं तोंड होय?"

"तिचंच होय, माय," खुशालराव म्हणाले. "चार दाढा काढेल हायेत म्हणते डॉक्टर."

"माह्या घरी तं एकबी नाही काढली." सुमित्राबाईंनी फिल्म सुनेच्या हाती परत दिली, कोणी परक्याचं सामान परत द्यावं तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रकांता आतल्या खोलीत कपडे घडी करत होती. मायलेक मागच्या अंगणात होते. मधे फक्त कुडाचा आडोसा. सुमित्राबाईंना आपला आवाज हळू आहे असं वाटायचं, तो तसा नव्हता.

"पाहलं न आता? मी तवाच म्हणत होती. दाखवली एक अन् देल्ली एक. त्या पोरीच्या तोंडात साऱ्या दाढा होत्या."

चंद्रकांताचा हात टॉवेलवर थांबला. खुशालराव काय म्हणतात याकडे तिचा सगळा जीव गोळा झाला. ते नेहमी म्हणायचे तसं, माय तुहं काहीतरीच, असं म्हणतील.

"मले मालूम हाये, माय," खुशालराव म्हणाले. "आता काय त्याचं? जे आली ते चांगलीच आली. मी कधी काही म्हटलं का?"

चंद्रकांता टॉवेल मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली. नवऱ्याच्या आवाजात राग नव्हता, पस्तावा नव्हता. जुनी, पचवून टाकलेली गोष्ट सांगावी तसं ते बोलले होते. म्हणजे संशय नव्हताच. यांच्या लेखी ती खात्री होती. पस्तीस वर्षं हा माणूस बदलून आलेल्या मुलीबरोबर राहिला आणि त्याने ते कधी जाणवू दिलं नाही. शाळेच्या नोकरीसाठी आईशी भांडला होता. टायफॉइडमध्ये तिची वेणी घातली होती. बस चुकली की सायकल घेऊन शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. त्या प्रत्येक गोष्टीकडे ती आता नव्याने संशयाने पाहायला लागली. हे बायकोसाठी होतं, की पदरात पडलेलीला दुखवू नये म्हणून होतं? तिला दया नको होती. दाखवली होती ती तीच होती, पसंत केली होती ती तीच होती, आणि हे या घरात तिला एकटीलाच माहीत होतं.

तिने फोन उचलला. दवाखान्यात लावला. डॉक्टर पेशंटजवळ आहेत, निरोप काय देऊ, असं पलीकडच्या मुलीने विचारलं. एवढंच सांगायचं होतं, की होय, पूर्वी तारा होत्या. डॉक्टरचं काम झालं असतं, दात सरळ झाले असते आणि घरात सगळं होतं तसंच राहिलं असतं. चंद्रकांताने निरोप काही नाही म्हणून फोन ठेवला.

मग रिताला लावला. रिता तुमसरला राहते, तिला नातवंडं आहेत आणि वरची अर्धी कवळी. पवनीत आपल्याविषयी काय समज आहे हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. चंद्रकांताने सांगितलं तेव्हा पलीकडे रिता इतकी हसली की तिला खोकला लागला.

"म्हणून भाऊजी मले पाहलं का पळते होय! मी समजत होती, माह्या तोंडाले वास येते. तीस वर्षं लवंग चावून राहिली मी तुह्या घरी येताना."

"हसू नको."

"हसू नको तं काय करू, ताई? माह्या नावावर तुहं लग्न चालून राहिलं." मग तिचा आवाज खाली आला. "बाबूजींनी एक लपवलं अन् त्या लोकांनी त्यायच्यावर दुसरंच लादलं. लपवलं तेवढंच त्यायच्या नावावर राहू दे न."

हे चंद्रकांताला सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ती वडिलांची अब्रू राखत होती, आणि या घरात त्यांची अब्रू केव्हाच गेलेली होती, तीही न केलेल्या गोष्टीसाठी. सासूबाईंचं निरीक्षण अचूक होतं. दात वेगळे होते, काहीतरी लपवलेलं होतं. चुकला होता फक्त निष्कर्ष. तो दुरुस्त करू शकेल असं एकच माणूस होतं, ती स्वतः, आणि तिने तो पस्तीस वर्षं तसाच राहू दिला होता.

पुढचे दहा-बारा दिवस घरात कोणी दातांचं नाव काढलं नाही. सुमित्राबाई जेवताना सुनेच्या तोंडाकडे पाहायच्या. खुशालराव पाहायचे नाहीत, आणि ते न पाहणं तिला जास्त जाणवायचं. चंद्रकांताने कितीदा तरी तोंड उघडलं आणि भात वाढू का विचारून मिटलं.

पंधराव्या दिवशी दोघं पुन्हा भंडाऱ्याला गेले. त्याच खुर्च्या, खुशालरावांच्या मांडीवर तीच पर्स.

"जुने कागद सापडले?" डॉक्टर रेणूने विचारलं.

"कागद नाहीत. तोंडी सांगते, लिहून घ्या."

आणि तिने सांगितलं. प्रयोगाची नोंद वाचून दाखवावी तसं, क्रमाने, आवाज न चढवता. कोणत्या वर्षी, कुठे, कोणत्या चार दाढा, तारा किती महिने, प्लेट किती महिने वापरली आणि कोणत्या महिन्यात बंद केली. का बंद केली तेही. पाहायला आले तेव्हा तारा काढून नऊ महिने झाले होते, हे वाक्य तिने डॉक्टरला सांगितलं नाही. ते बाजूच्या खुर्चीकडे वळून सांगितलं.

डॉक्टरचं लिहून झालं होतं तरी ती वहीतून मान वर करेना.

खुशालरावांनी पर्स मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. "म्हंजे मायनं धागा देल्ला तवा..."

"मीच होती."

"रिता?"

"आत पोहे करून राहिली होती. तुमच्यासमोर आलीच नाही."

ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. आज पहिल्यांदा त्यांच्या पाहण्यात तिला काही शोधावंसं वाटलं नाही. जे होतं ते समोरच होतं, आणि त्यात आनंदापेक्षा दुखणं अधिक होतं.

"मी तुले विचारलं होतं," ते म्हणाले. "घाटावर."

"विचारलं होतं."

"तू हासलीस. मले वाटलं, झाकून राहिली. म्हटलं, जाऊ दे, हिची काय चूक, बापानं केलं ते हिनं भोगलं." मग म्हणाले, "रिता आली का मी उठून जात होतो. तुले वाटलं असतं, याची नजर तिकडे जाते. म्हणून नाही बसलो कधी."

दुसरं स्पष्टीकरण हे होतं. ते इतकं साधं होतं की चंद्रकांताला आपलीच लाज वाटली. पाच वर्षं नाही, दहा नाही, पस्तीस वर्षं दोघं एकमेकांना सांभाळत होते, आणि दोघांचंही सांभाळणं चुकीच्या माहितीवर उभं होतं. डॉक्टरने वही मिटली.

कारण कळलं, बरं झालं, डॉक्टर म्हणाली. आता दोन मार्ग आहेत. पहिला, तारा पुन्हा बसवायच्या. वेळ दीड-दोन वर्षं, जोर अगदी कमी, दर तीन महिन्यांनी मुळं तपासायची. डावा दात तरीही जाऊ शकतो, याची हमी ती देणार नाही. आणि नंतर रोज रात्री प्लेट घालायची, आयुष्यभर. "या वेळी एक रात्रही सुटून चालणार नाही, मॅडम." दुसरा मार्ग, हलणारे दात काढून टाकायचे आणि बाजूच्या दातांच्या आधाराने नवे बसवायचे. ते काम फार तर दोन महिन्यांचं. बाहेरून कोणाला काही कळणारही नाही.

खुशालरावांनी लगेच मान हलवली. "दुसरंच बरं हाये. मायले काही सांगाचं कामच नाही. म्हणू, दात हालत होते, काढले, नवे बसवले. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईले आता कायले हे सारं सांगतं? मले समजलं, झालं न."

ते प्रेमाने बोलत होते. वडील डबी काढून घेताना इतक्याच प्रेमाने बोलले होते. चंद्रकांताने टेबलावरची आपली पर्स ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"तारा बसवा, डॉक्टर," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे पाहून, तितक्याच शांतपणे, "आणि मायले मी आजच सांगणार आहे. घरी गेल्यावर, चहाच्या आधी. तुम्ही दुकानात जाऊन बसू नका, समोर बसून ऐका."